गावाचं कर्ज मोजायचं कसं? घरोघरच्या आर्थिक पाहणीची कृती

मराठवाड्यातल्या एका गावात दुपारी ओट्यावर बसून मी पहिली प्रश्नावली भरत होते. समोरच्या मावशी सुपात तूर पाखडत होत्या. "घरावर कर्ज आहे का?" असं मी विचारलं. "न्हाई ताई, कुणाचं कर्ज न्हाई आमच्यावर." मी रकान्यात शून्य लिहिलं, पान उलटलं. चहा आला. बोलता बोलता त्यांचा हात कानाकडे गेला आणि त्या म्हणाल्या, "फुलं सोनाराकडं ठेवलीत. ज्वारी निघाली की सोडवायची." मग गटाचा मंगळवारचा हप्ता निघाला, खताच्या दुकानातली उधारी निघाली, भावाकडून लेकीच्या बाळंतपणाला आणलेले वीस हजार निघाले. मी ते शून्य खोडलं.

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी 'कर्ज' म्हणजे बँकेचं किंवा गावच्या सहकारी पत सोसायटीचं, सरकार माफ करतं ते. बाकीच्या प्रत्येक व्यवहाराला वेगळा शब्द होता आणि मी तो विचारला नव्हता. विकसनशील देशांत पैशाचा मोठा भाग असाच फिरतो. त्याची पावती नसते, वही असली तरी ती दुसऱ्याच्या दुकानात असते, आणि संशोधकाने कोणत्या शब्दांत, कोणत्या महिन्यात, घरातल्या कोणाला विचारलं यावर हाती येणारा आकडा ठरतो. एम.ए.चा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि संस्थांमध्ये पाहणीचं काम करणाऱ्यांसाठी मी इथे माझी पद्धत पायरीपायरीने लिहिते आहे. उदाहरणं महाराष्ट्राच्या खेड्यांतली आहेत, कारण मला तेच माहीत आहे.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

'ग्रामीण कर्जबाजारीपणाचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर कशाने मिळेल हे वाचताक्षणी कळावं. 'या गावात खरिपाच्या पेरणीचा पैसा कुठून येतो आणि किती व्याजाने येतो?' हा प्रश्न चांगला आहे. 'पीक कर्ज वेळेवर मिळालेली आणि न मिळालेली घरं पेरणीच्या वेळी वेगळं काय करतात?' हाही चांगला. 'सावकारी का फोफावते?' हा प्रश्न साठ घरांच्या पाहणीने सुटणार नाही.

प्रश्न ठरला की एका कागदावर शेवटी लागणारे तक्ते रिकामेच आखून ठेवा. आडव्या रकान्यांत काय, उभ्या रकान्यांत काय, ते लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर यातल्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही, तो प्रश्नावलीतून काढा. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत १४० प्रश्न होते. त्यातले निम्मे मी कधीच वापरले नाहीत. ज्यांनी कामाचा खाडा करून मला वेळ दिला, त्यांचा तो वेळ मी वाया घालवला याचं आजही वाईट वाटतं.

दुसरी पायरी: आधी कोणी काय मोजलं ते पाहा

आपल्याकडे या कामाला मोठी परंपरा आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे, घरोघरचं उत्पन्न, खर्च, कर्ज असं सगळं त्यांनी मांडलं. पुढे १९२१ साली कानिटकरांबरोबर त्यांनी जातेगाव बुद्रुकचा अभ्यास छापला. आज पिंपळे सौदागरात उंच इमारती आहेत आणि शेत शोधून सापडत नाही, पण तिथला शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी किती देणं लागत होता हे आपल्याला कळतं ते त्या नोंदींमुळे.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबं असा तिचा पसारा होता. गोरवाला समितीने १९५४ मध्ये तिचा अहवाल दिला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ या समितीवर होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के, असं त्यातून दिसलं. या अहवालाच्या शिफारशीवरून इम्पीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. नीट केलेल्या पाहणीचं वजन किती असतं, हे यावरून कळावं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट' या संस्थेने १९७५ पासून काही गावं वर्षानुवर्षं अभ्यासली. त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण आहेत, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा आहेत. प्रत्येक गावातली चाळीस घरं घेतली: भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी, प्रत्येकी दहा. अन्वेषक गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायचा. या गावांच्या आकड्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. एका वर्षी एका घराचं पीक बुडालं तर त्या घराचं खाणंपिणं किती कमी होतं, गाव त्याला किती सावरतं, असले प्रश्न या नोंदींमुळे तपासता आले. घरं थोडी होती, पण त्याच घरांत पुन्हा पुन्हा गेल्याने हे साधलं.

आता ताजे आकडे. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७वी फेरी २०१९ मध्ये झाली. तिचे घराघराचे मूळ आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नाबार्डची ग्रामीण वित्तीय समावेशन पाहणी आहे. जिल्ह्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' आहे, आणि अग्रणी बँकेचा वार्षिक पत आराखडा आहे. हे वाचल्याशिवाय गावात जाऊ नका.

वाचताना एक खबरदारी घ्या, व्याख्या तपासा. त्याच ७७व्या फेरीत शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज निघालं आणि ५०.२ टक्के कुटुंबं कर्जदार निघाली. त्याच फेरीच्या कर्ज व गुंतवणूक पाहणीत मात्र ग्रामीण कुटुंबावर सरासरी ५९,७४८ रुपये आणि कर्जदार कुटुंबं ३५ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्यात फक्त शेती करणारी घरं मोजली आहेत, दुसऱ्यात गावातली सगळी. शिवाय ५९,७४८ ही सरासरी कर्ज नसलेली घरं धरून आहे. फक्त कर्जदार घरांची काढली तर ती सुमारे १ लाख ७० हजारांवर जाते. 'शेतकरी' कोणाला म्हणायचं हेसुद्धा बदललं आहे. २००३ च्या पाहणीत जमीन असणं ही अट होती, नंतर ती गेली आणि शेतीमालाच्या किमतीची किमान मर्यादा आली. त्यामुळे २००३ आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवून 'कर्ज इतकं वाढलं' असं लिहिणारे लेख वाचताना मला हळहळ वाटते. आणखी एक: मूळ आकडे वापरताना प्रत्येक घराला दिलेला गुणक (पाहणीतलं ते एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा) लावायचाच, आणि त्यावरून तालुक्याचं चित्र काढायचं नाही. तेवढी घरं त्यात नसतात.

तिसरी पायरी: घरं निवडा, घरांनी तुम्हाला निवडू देऊ नका

गावात गेलात की सरपंच किंवा ग्रामसेवक माणूस सोबत देतात. तो तुम्हाला पारावर, मग पक्क्या घरांत, मग ओळखीच्यांकडे नेतो. त्या वाटेने जे गाव दिसतं ते अर्धंच असतं. म्हणून पहिले दोन दिवस फक्त घरांची यादी करा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी घ्या, पण तिच्यावर थांबू नका. शेतातल्या वस्त्या, गायरानावरची घरं, पालं, भावाच्या नावावरच्या घरात वेगळी चूल मांडलेलं कुटुंब या यादीत नसतं. एक चूल म्हणजे एक घर हा हिशेब धरा.

यादी झाली की जमिनीप्रमाणे चार गट पाडा: भूमिहीन, अडीच एकरांपर्यंत, अडीच ते पाच, पाचच्या वर. प्रत्येक गटातून ठरावीक अंतराने घरं उचला. समजा एका गटात ९० घरं आहेत आणि तुम्हाला १५ हवीत, तर अंतर झालं ६. एक ते सहापैकी एक चिठ्ठी काढा. चार आली तर चौथं, दहावं, सोळावं असं पुढे जा. घर बंद असेल तर तीन वेळा जा. शेजारचं घर घेऊन मोकळं होऊ नका. ज्या घराला दिवसभर कुलूप असतं ते बहुधा मजुरीला गेलेलं असतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच घरात असतं.

ऊसतोडीच्या पट्ट्यात हे फार महत्त्वाचं आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर जातात आणि हंगाम संपला की परततात. डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या गावात जाऊन पाहणी केलीत तर गावात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं भेटतील. गावातलं सगळ्यांत मोठं कर्ज, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, तुमच्या कागदावर येणारच नाही.

चौथी पायरी: गावाचे शब्द गोळा करा

प्रश्नावली लिहिण्याआधी शेजारच्या गावात दोन-चार दिवस नुसतं बोला. पैसा आणण्याचे किती शब्द आहेत ते वहीत उतरवा. मला भेटलेले काही असे.

हातउसने: चार-आठ दिवसांचे, बिनव्याजी, परतफेडीत पैशाइतकीच मदतीची अपेक्षा. 'आज मी दिले, उद्या तू द्यायचे.' हे विचारताना कर्ज शब्द वापरला तर माणसं दुखावतात.

उचल: ऊसतोड मजुराने मुकादमाकडून, किंवा शेतकऱ्याने आडत्याकडून माल येण्याआधी घेतलेली रक्कम. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर ठरते. हंगामात तोड कमी झाली की उरलेली रक्कम अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. व्याज कोणी बोलत नाही, पण मजुरीचा दर आणि मुकादम निवडण्याची मोकळीक यांतून ते वसूल होतं. सालगड्याचंही असंच असतं. गुढीपाडव्याला साल ठरतं आणि रकमेचा मोठा भाग आधीच घेतलेला असतो.

गहाण आणि तारण: सोनं सोनाराकडे, पतसंस्थेत किंवा बँकेत. जमीन गहाण ठेवल्याचं क्वचितच सांगतात, कारण बऱ्याचदा कागद गहाणखताचा नसतोच. खरेदीखत केलेलं असतं आणि 'पैसे दिले की परत नावावर करून देईन' असा तोंडी शब्द असतो. म्हणून 'जमीन गहाण आहे का?' याऐवजी 'गेल्या पाच-दहा वर्षांत कोणती जमीन कोणाच्या नावावर करून दिली आणि ती अजून कोण कसतं?' असं विचारावं लागतं.

उधारी: कृषी सेवा केंद्रातली, किराणा दुकानातली, डॉक्टरकडची. याला कोणी कर्ज म्हणत नाही, आणि प्रश्नावल्यांतून हीच सगळ्यांत जास्त सुटते.

गट: बचत गट वेगळा आणि 'फायनान्सवाल्यांचा', म्हणजे सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांचा, गट वेगळा. बाया दोन्हीला 'गट' म्हणतात. हप्ता आठवड्याचा की महिन्याचा, पैसे गोळा करायला बाहेरून माणूस येतो की आपल्यातलीच एक जण वही लिहिते, हे विचारलं की उलगडतं.

भिशी: इथे नोंद चुकण्याची शक्यता फार. दहा जणींची, महिना हजाराची भिशी असेल आणि एखादीने दुसऱ्याच महिन्यात दहा हजार उचलले असतील, तर पुढचे आठ हप्ते तिच्यावरचं देणं आहे. जिची शेवटी लागणार तिची ती बचत आहे. भिशी एकच, पण एका घरात ती कर्ज आणि दुसऱ्या घरात शिल्लक. 'भिशी आहे का?' एवढंच विचारून चालत नाही. 'उचलली का, कितव्या महिन्यात?' हे विचारायचं. लिलावाची भिशी असेल तर किती तोडून घेतली तेही.

या शब्दांची यादी झाली की प्रश्नावलीत 'कर्ज' हा शब्द सुरुवातीला येऊच देऊ नका. एकेक शब्द घेऊन विचारा. त्या मावशींच्या घरी मी दुसऱ्यांदा असं विचारत गेले तेव्हा सात ठिकाणचं देणं निघालं.

पाचवी पायरी: महिना आणि माणूस दोन्ही नीट निवडा

जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळा एकदम येतात. पोळ्यापर्यंत फवारणी आणि खुरपणी. दिवाळीच्या आसपास सोयाबीन-कापसाचा पैसा येतो आणि उधाऱ्या फिटतात. एकाच फेरीत पाहणी करायची झाली तर तुम्ही जूनचं गाव मोजता किंवा डिसेंबरचं. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. निदान तीन फेऱ्या करा: पेरणीनंतर, सुगीनंतर आणि एप्रिलच्या सुरुवातीला. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी गरीब कुटुंबांच्या आर्थिक डायऱ्या केल्या, तेव्हा ते वर्षभर दर पंधरवड्याला त्याच घरी गेले. एका विद्यार्थ्याला तेवढं जमत नाही, पण दहा घरं निवडून महिन्याला एकदा जाणं जमतं. त्यातून मिळतं ते साठ घरांच्या एका फेरीत मिळत नाही.

एप्रिलचं कारण थोडं सविस्तर सांगते. सोसायटीचं पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात मोठी सवलत मिळते आणि नवं कर्ज मिळायला वाट मोकळी होते. पण मार्चमध्ये हातात ऐंशी हजार कुठून येणार? मग कोणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी रक्कम आणायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज उचलायचं आणि ज्याचे त्याला परत द्यायचे. गावात याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. सोसायटीच्या वहीत कर्ज शंभर टक्के वसूल दिसतं. शेतकऱ्याला विचारलं तर तोही 'भरलं की' म्हणतो, आणि ते खरंच असतं. मधल्या आठ दिवसांच्या पैशाला किती मोजले, हे कुठल्याच वहीत नसतं. तुम्ही एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे असाल आणि 'यंदा नवं-जुनं कसं केलं?' असं विचाराल, तरच ते कळेल. एकदा एका शेतकऱ्याने मला बोटावर मोजून दाखवलं होतं: आठ दिवसांचे दीड हजार, तालुक्याला तीन चकरा, आणि एक दिवस सही घ्यायला बायकोलाही नेलं, तिची मजुरी बुडाली. पीक कर्जाची खरी किंमत मांडताना मी तेव्हापासून हे सगळं धरते.

आता माणूस. पुरुषाला सोसायटी, बँक, आडत्या ठाऊक असतो. बाईला गट, भिशी, सोनं आणि माहेरून आणलेले पैसे ठाऊक असतात. कित्येकदा एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं, आणि माहीत होऊ नये अशीही इच्छा असते. म्हणून दोघांशी वेगवेगळं बोला आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कधीही ऐकवू नका. ओट्यावर शेजारी जमले असतील तर पैशाचे प्रश्न थांबवा, पिकाचं बोला, नंतर पुन्हा या.

तारखा विचारू नका, सण विचारा. 'मागच्या बारा महिन्यांत' या शब्दांनी कोणालाच काही आठवत नाही. 'गेल्या अखितीपासून', 'पोळ्याच्या आधी की नंतर', 'धाकटीच्या लग्नाच्या आधी' असं विचारलं की माणसं नेमकं सांगतात.

सहावी पायरी: व्याज एका मापात आणा

सोसायटी दसादशे बोलते, सावकार शेकडा बोलतो, फायनान्सवाला फक्त हप्ता सांगतो आणि दुकानदार काहीच सांगत नाही. तुलना करायची तर सगळं वार्षिक टक्क्यांत आणावं लागतं. त्यासाठी दर विचारू नका. चार गोष्टी विचारा: हातात किती आले, कधी आले, किती परत दिले, कधी दिले.

शेकडा ३ म्हणजे महिन्याला शंभराला तीन, वर्षाला ३६ टक्के. हे सोपं. आता शेकडा ५ ने दहा हजार घेतले, पण पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात साडेनऊ हजार दिले आणि महिन्याने दहा हजार परत घेतले, असं समजा. व्याज ५०० रुपये ९,५०० वर पडलं, म्हणजे महिन्याला ५.२६ टक्के. वर्षाचे ६० नव्हे, ६३.

हप्त्याच्या कर्जात फरक आणखी मोठा असतो. १२,००० रुपये, वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, बारा समान हप्ते. व्याज १,४४० रुपये, हप्ता १,१२०. ऐकायला १२ टक्के. पण दर महिन्याला मुद्दल हजाराने उतरतं, म्हणजे वर्षभरात सरासरी साडेसहा हजारच कर्ज घेणारीकडे असतात. १,४४० ला ६,५०० ने भागा, उत्तर येतं सुमारे २२ टक्के. बँका वापरतात त्या काटेकोर सूत्राने ते साडेएकवीसच्या आसपास येतं. गावातल्या कामाला हा ओबडधोबड हिशेब पुरतो.

उधारीसाठी त्याच दुकानात दोन भाव विचारा. समजा खताची गोणी रोखीने १,२०० ला आणि उधारीवर १,३५० ला, पैसे पाच महिन्यांनी. १५० रुपये १,२०० वर म्हणजे पाच महिन्यांचे साडेबारा टक्के, वर्षाचे ३०. दुकानदार 'मी व्याज लावत नाही' म्हणतो तेव्हा तो आपल्या परीने खरं बोलत असतो. गोणीवरच्या फरकाला तो व्याज म्हणत नाही. आणि ज्या दुकानदाराची उधारी, त्यालाच माल घालायचा असा रिवाज असेल तर वजन आणि भावात किती तूट सोसावी लागते तेही याच हिशेबात येतं.

सातवी पायरी: पडताळा

सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा आणि सोसायटीचा बोजा दिसतो. मात्र बोजा आहे म्हणजे कर्ज बाकी आहेच असं नाही. फेडल्यावरही फेरफार करून तो उतरवून घेण्याचं राहून गेलेलं असतं. उलट, खरेदीखताच्या नावाखालच्या सावकारीचा सुगावा फेरफाराच्या नोंदींत लागतो. सोसायटीच्या गटसचिवाकडून गावाची एकूण पीक कर्जवाटपाची रक्कम घ्या आणि तुमच्या घरांच्या आकड्यांवरून गावाचा अंदाज काढून तिच्याशी ताडा. फार तफावत असेल तर चूक बहुधा आपल्या निवडीत असते.

घराघरातही ताळा करा. एका हंगामात आलेला पैसा एकीकडे, गेलेला पैसा दुसरीकडे. जमा खूप कमी आणि खर्च खूप जास्त निघाला तर कुठलं तरी देणं सुटलं आहे. त्याच संध्याकाळी वही पाहा, दुसऱ्या दिवशी परत जा. आठवड्याने गेलात तर आठवण विझलेली असते.

आकडेमोड करताना सरासरीबरोबर मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या. पाच घरांवर शून्य, दहा हजार, वीस हजार, तीस हजार आणि नऊ लाख चाळीस हजार कर्ज असेल तर सरासरी दोन लाख येते. ती पाचांपैकी एकाही घराची गोष्ट सांगत नाही. मध्यक वीस हजार आहे.

आठवी पायरी: कारण सांगताना हात आवरा

सावकाराकडे जाणारी घरं जास्त गरीब आहेत, असं तुम्हाला आढळलं. सावकारामुळे ती गरीब झाली की गरीब होती म्हणून सावकाराकडे गेली? एका गावाच्या एका फेरीवरून हे सांगता येत नाही, आणि तसं स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही.

कारण शोधायचं तर तुलनेला जोड हवी. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०४ वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठीने निवडल्या. तिथे सूक्ष्मकर्ज आधी सुरू झालं आणि मग दोन्हीकडची घरं पाहिली. घरखर्चात लक्षणीय वाढ दिसली नाही. टिकाऊ वस्तूंची खरेदी आणि धंद्यातली गुंतवणूक मात्र वाढली. चिठ्ठी टाकणं आपल्या हातात नसतं तेव्हा धोरणातली एखादी रेषा मदतीला येते. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचं पात्र कर्ज पूर्ण माफ झालं आणि त्याहून मोठ्याला एकरकमी भरल्यास सूट मिळाली. पावणेपाच एकरवाला आणि सव्वापाच एकरवाला यांच्यात एरवी काय फरक? रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून कर्जमाफीचा परिणाम शोधता येतो. महाराष्ट्रात २०१७ ला दीड लाखाची आणि २०१९ ला दोन लाखांची मर्यादा होती, तिथेही अशीच वाट आहे. फक्त मर्यादेत बसण्यासाठी कोणी आकडा इकडचा तिकडे केला नाही ना, हे आधी बघावं लागतं.

नववी पायरी: लोकांची गुपितं सांभाळा

ही पायरी शेवटी लिहिली तरी तयारी पहिल्या दिवसापासून हवी. घराला क्रमांक द्या. नाव आणि क्रमांकाची यादी एका वहीत, उत्तरं दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या एका पिशवीत कधी ठेवू नका. सावकाराचं नाव विचारू नका, कोणी सांगितलं तर लिहू नका. 'गावातला, जातीतला, बिगरपरवाना' एवढं पुरतं. गाव छोटं असतं. अहवालात 'पाच एकरवाली विधवा, दोन मुली, विहीर आटलेली' असं लिहिलंत की सगळ्यांना ती कोण ते कळतं. अशा वर्णनातले दोन तपशील गाळा.

सुरुवातीलाच सांगा की यातून कर्जमाफी मिळणार नाही, यादीत नाव जाणार नाही. नाहीतर लोक कर्ज फुगवून सांगतात, किंवा वसुलीच्या भीतीने लपवतात. कोणी अडचणीत असेल आणि मदत मागितली, तर सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते, एवढं सांगा. पुढचं पाऊल त्यांनी ठरवायचं.

अहवाल झाला की गावात परत जा. मी दोन पानं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिते आणि बायांच्या गटात वेगळी, पारावर वेगळी वाचते. त्या मावशींच्या गावात उधारीच्या गोणीचा हिशेब वाचून दाखवला तेव्हा मागून एक म्हातारे म्हणाले, "ताई, गोणीचं बरोबर धरलंस. पण दुकानदार काट्यावर धरतो ते कुठं लिहिलंस?" मी लिहिलं नव्हतं. पुढच्या फेरीत काट्यावरची कट, म्हणजे माल मोजताना वजनात धरली जाणारी तूट, हा वेगळा रकाना झाला.